मावळ्याच्या पायाखालची माती

पांढरा सदरा रंगवायचा असेल तर पांढऱ्या रंगाची बाटली सगळ्यात शेवटी उघडायची असते. ही गोष्ट मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळली आणि ती शिकवली माझ्या बहिणीच्या मुलाने. इतकी वर्षं वर्गात शिकवून झाल्यावर आपल्यालाच कुणीतरी "खाला, ब्रश असा नको धरू" म्हणून दटावतं, तेव्हा जरा राग येतो आणि बरंही वाटतं.

भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. रविवारी तो आणि त्याचे मित्र एका मोठ्या टेबलाभोवती जमून लढाया खेळतात. बुद्धिबळाचाच लांबचा नातेवाईक म्हणा. प्याद्यांच्या जागी बोटाच्या पेराएवढे शिपाई असतात. टेपने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. मला आधी हा पोरखेळ वाटला होता. पण १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने आपल्या अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी असाच खेळ घेतला होता. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम 'लिटल वॉर्स' नावाच्या पुस्तकात लिहिले, आणि पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं. हल्ली जगभर खेळतात तो 'वॉरहॅमर' १९८३ पासूनचा, तोही इंग्लंडचाच. यातले शिपाई करड्या प्लास्टिकचे, सुट्या हातापायांचे येतात. जोडायचे आणि रंगवायचे आपणच. भाचा म्हणतो, खेळण्यापेक्षा रंगवण्यातच त्याचे जास्त तास जातात.

दोन वर्षांपूर्वी ईदला तो किन्हवलीला आला तेव्हा असा एक डबा, सात-आठ बाटल्या आणि तीन ब्रश माझ्यासाठी ठेवून गेला. "तुझा हात चांगला आहे, खाला. फळ्यावर नकाशा काढतेस तसं समज." किन्हवलीत संध्याकाळी सातनंतर घरातल्या बाईने करावं असं बरंच असतं, पण स्वतःसाठी करावं असं फार थोडं. मी डबा उघडला.

आता माझं आणि या कामाचं जुनं नातं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

माझ्या लहानपणी दिवाळीत आमच्या आळीत एकच मोठा किल्ला व्हायचा. शेजारच्या काकांच्या अंगणात, तुळशीपासून चार हात सोडून. दगड रचायचे, मातीचा घट्ट काला करायचा, त्यात गोणपाट बुडवून ते दगडांवर पसरायचं, की कडे-कपारी आपोआप पडतात. मी आणि माझा भाऊ सकाळपासून त्यात कोपरापर्यंत माखलेले असायचो. अम्मीला किल्ल्याचं वावडं नव्हतं. तिची अट एकच होती, "पहाड बनाओ, झाड बनाओ, जानदार के पुतले नको." किल्ला पुरा झाला की काकू टोपलीतून मावळे आणायच्या, आणि आम्ही दोघं हात धुऊन ओट्यावर बसायचो. मावळे मांडायचं काम दुसऱ्यांचं. कुणी आम्हाला हाकललेलं नव्हतं, आम्हालाही त्यात काही कमीपणा वाटत नसे. पण त्यामुळे झालं असं की माझं सगळं लक्ष जमिनीकडे गेलं. कुठली माती वाळल्यावर तडकते, पायऱ्यांच्या कडा कशाने टिकतात, पाण्याचा ओघळ खरा कसा दिसेल, हे मला आळीत सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. पुढे बीएडला शैक्षणिक साहित्य करायचं होतं, तेव्हा मी कागदाचा लगदा आणि मेथीचं पीठ कालवून सह्याद्रीचा उठावाचा नकाशा केला होता. किडा लागू नये म्हणून मेथी, ही अम्मीचीच युक्ती. दुरड्यांना ती तसाच लेप द्यायची.

माझ्या धाकट्याच्या बाबतीत मी अम्मीइतकी कडक नाही. हजरत आयेशांच्या बाहुल्यांची रिवायत हदीसमध्ये आहे, आणि मुलांच्या खेळण्यांना अनेक आलिमांनी मोकळीक दिलेली आहे. वेगळं मत असणारेही आहेत. अम्मी त्या दुसऱ्या मताची. तिच्याशी मी वाद घालत नाही. मावळे तिच्या खोलीत न्यायचे नाहीत एवढाच आमचा करार.

तर गेल्या दिवाळीची गोष्ट. धाकट्याने कल्याणच्या बाजारातून मावळ्यांचा संच आणवला. प्लास्टरचे, तीन-तीन इंचांचे, चकचकीत ऑइल पेंटने रंगवलेले. असा संच तुम्ही पाहिला असेलच. अर्धे पांढऱ्या-केशरी कपड्यांतले, गोरेपान, गुलाबी गालांचे. उरलेले अर्धे हिरव्या अंगरख्यांतले, काळ्या जाड दाढ्यांचे, भुवया वर चढवलेले. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी आळीतली पोरं आमच्या अंगणात मांडामांड करत होती. शेजारचा मुलगा, आमच्याकडे शीरखुर्म्याची दुसरी वाटी हक्काने मागणारा, सहज म्हणाला, "हिरवे तुमचे ना? मग ते तू लाव." क्रिकेटला टीम पाडतात ना, अगदी त्या आवाजात. माझ्या पोराने हिरवे उचलले आणि लावले. भांडण नाही, काही नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते.

रात्री जेवताना त्याने विचारलं, "अम्मी, हिरव्यांनाच दाढी का काढतात? मावळ्यांना का नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. १६७९ साली खांदेरीच्या समुद्रात इंग्रजांशी लढलेला महाराजांचा दर्यावर्दी दौलतखान, पायदळाचा नूरखान बेग, सिद्दी हिलाल. ही नावं मी वर्गात सांगत आले आहे, शिवजयंतीच्या भाषणात सांगितली आहेत, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना सांगितली आहेत. नावं खरी आहेत आणि ती सांगायलाच हवीत. पण त्या रात्री मला यादी काढायचा कंटाळा आला. अकरा वर्षांच्या पोराने शेजारच्या अंगणात जाताना खिशात यादी घेऊन जायचं का? त्याने रंगाबद्दल विचारलं होतं, मग मीही रंगाबद्दलच बोलायचं ठरवलं. म्हटलं, "ते रंगवणाऱ्याला घाई असते. आपण नीट रंगवू." आणि पॉलिश पेपर शोधायला उठले.

इथून पुढे कृती सांगते. कुणाला दिवाळीआधी करून बघायची असेल तर उपयोगी पडेल.

ऑइल पेंटवर पाण्याचा रंग धरत नाही. म्हणून आधी चकाकी जाईपर्यंत बारीक पॉलिश पेपरने घासायचं. हे काम अंगणात, नाकाला ओढणी बांधून. मग साबणाच्या पाण्याने पुसून वाळवायचं. जिथे खालचं प्लास्टर उघडं पडतं तिथे ते रंग नुसतं पिऊन टाकतं, तिथे पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्यायचा. प्लास्टिकचा शिपाई असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, कारण साच्याचं तेल त्यावर राहिलेलं असतं, आणि साच्याच्या जोडाची रेघ ब्लेडने खरवडायची. त्यानंतर प्रायमर. फवाऱ्याचा डबा असेल तर वीतभर लांबून, हात हलता ठेवून, पातळ. आपल्याकडे पावसाळी दमट हवेत फवारा मारला की रंगावर पांढरी भुकटी बसते. माझे पहिले चार शिपाई असेच पिठात लोळल्यासारखे झाले. दसऱ्यानंतर, चांगलं ऊन पडलं की मगच डबा बाहेर काढा.

रंग कॅमलिनचे अॅक्रिलिक चालतात. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेली ही कंपनी. पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दप्तरात तीच. परदेशी बाटल्या चांगल्या असतात, पण एका बाटलीच्या पैशात इथे अख्खा संच येतो. रंग दुधाइतका पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे. एका जाड हातात काम उरकायला गेलं की चेहऱ्याचं नाक-डोळे बुजतात आणि सगळे मावळे मेणाचे दिसतात.

मग येतो वॉश. गडद तपकिरी रंग, बरंच पाणी, आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि रंग आपणहून चुण्यांत, बोटांच्या फटींत, पगडीच्या पिळात जाऊन बसतो. सावली फुकट मिळते. कपड्यांना आणि अंगाला तपकिरी वॉश, तलवारीला काळा. वाळल्यावर ड्राय ब्रश. यासाठी जुना, केस ताठ झालेला ब्रश घ्यायचा, रंगात बुडवून फडक्यावर इतका पुसायचा की आता यात काही उरलं नाही असं वाटावं, आणि मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त वरच्या कडांना लागतो. खाली सावली, वर ऊन. एवढ्या दोन गोष्टींनी बाजारातला मावळा जिवंत वाटायला लागतो. (अम्मीसमोर मी "चांगला दिसतो" म्हणते. "जिवंत वाटतो" म्हणत नाही.)

आता पांढरा. सरळ पांढरा फासला तर तो चुन्यासारखा दिसतो आणि त्यावर सावली काढायला जागा उरत नाही. आधी मळका खाकी, म्हणजे पिवळी माती आणि करडा मिसळून. त्यावर तपकिरी वॉश. मग तांदळाच्या पेजेचा रंग, चुणीच्या खोलगट भागाला न लागेल असा. निव्वळ पांढरा फक्त खांद्यावर, गुडघ्यावर आणि पगडीच्या माथ्यावर. न रंगवलेलं जाडंभरडं सूत असंच असतं, आणि त्या काळचा साधा शिपाई बहुतेक तेच घालत असणार. सतराव्या शतकातल्या दख्खनच्या फौजांना आजच्यासारखे गणवेश नव्हते. ज्याने-त्याने आपल्या घरचं नेसून यायचं. जामा, कंबरेचा शेला, तंग विजार, पगडी, हे दोन्ही बाजूंना होतं.

या बाबतीतला एक किस्सा मी वर्गात नेहमी सांगते. शिवाजी महाराजांचं म्हणून पूर्वी एक चित्र छापलं जात असे. ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या एका मुस्लिम सरदाराचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं, तेव्हा ती चूक सुटली. तोवर कुणाला शंकाही आली नव्हती. कपडे, दाढी, कमरेची शस्त्रं, यांत वेगळं दिसावं असं काय होतं? आणि बेंद्र्यांनी आणलेल्या चित्रात महाराजांना दाढी आहेच, हे मी धाकट्याला त्याच रात्री दाखवलं. तो चित्राकडे बघून म्हणाला, "मग मावळ्यांनापण काढू." आम्ही काही मावळ्यांना दाढ्या दिल्या, काही हिरव्यांच्या खरवडून टाकल्या. प्लास्टरच्या दाढ्या खरवडताना एकाची हनुवटीच गेली. त्याला आता सगळे बोबडा म्हणतात.

अंगाच्या रंगाचं सांगायचं राहिलं. दुकानात 'स्किन कलर' म्हणून जो मिळतो तो गुलाबी. माझ्या वर्गातली मुलंही तो खडू मागतात, आणि स्वतःचा हात समोर असताना चित्रातल्या हाताला गुलाबी फासतात. ठाकर-वारली मुलंसुद्धा. बर्न्ट सिएना दोन भाग, येलो ऑकर एक भाग, लाल टिंबभर. उजळ करायचा तर त्यात पांढरा घालायचा नाही, माणूस आजारी दिसतो. ऑकरच वाढवायचा. सावलीला बर्न्ट अंबर. सगळ्यांना एकाच प्रमाणात रंगवू नका. एखादा सावळा, एखादा उन्हाने रापलेला तांबूस.

आणि हिरवा. तो मी फेकून दिला नाही, मुद्दाम ठेवला. बाटलीतला हिरवा अंगावर येतो, त्यात थोडा तपकिरी घातला की तो कापडाचा होतो. सावलीला निळा, उन्हाला ऑकर. केशरीचंही तसंच. काळ्या प्रायमरवर केशरी चढतच नाही, खाली आधी विटकरी नाहीतर ऑकर द्यावा लागतो, आणि त्याची सावली काळ्याने काढली तर मळ लागल्यासारखी दिसते, लालसर तपकिरीनेच काढायची. चार पगड्या हिरव्या केल्या, चार केशरी, बाकी लाल, हळदी, निळ्या. कुणाची कुठली ते धाकट्याने चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

तीन रात्री गेल्या. धनत्रयोदशीला सगळी पलटण ओट्यावर वाळत होती. आळीतल्या पोरांनी येऊन पाहिलं. आधी भारी, भारी झालं. मग शेजारच्याने डोकं खाजवलं. "मावशी, पण आता कोण कुणाचा? लढायचं कसं?"

खरंच की. चोवीस माणसं, एकसारख्या मळक्या पांढऱ्या कपड्यांची. मी इतकं नीट काम केलं होतं की खेळच बंद पडला होता. धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी पुण्याला फोन लावला.

भाचा हसला. म्हणाला, हे तर रोजचंच आहे. त्यांच्या टेबलावर दोघांचेही शिपाई एकाच जातीचे, एकाच रंगाचे असले की ते कपड्यांना हात लावत नाहीत. प्रत्येक शिपायाच्या पायाखाली एक गोल चकती असते, त्यावर तो उभा असतो. त्या चकतीची कड रंगवायची. एका बाजूची काळी, दुसऱ्या बाजूची तपकिरी. वरून बघितलं की लगेच कळतं, आणि शिपाई आहे तसाच राहतो.

चकती म्हणजे जमीन. माझा प्रांत. त्या रात्री मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल.

बाजारातल्या मावळ्याला प्लास्टरचा चौकोनी ठोकळा असतो, तो जाड पुठ्ठ्याच्या चकत्यांवर चिकटवला. त्यावर फेविकॉल आणि मुरूम. इथे एक गोष्ट सांगते, कारण यात मी स्वतः फसले होते. खरी माती खरी दिसत नाही. भाच्याचे शिपाई २८ मिलिमीटरचे, म्हणजे साडेपाच फुटी माणसाच्या साठाव्या भागाएवढे. त्याच्या पायाशी एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे सहा सेंटीमीटरचा दगड. मुरबाडकडच्या काळू नदीतली जी वाळू आपण बारीक म्हणतो, तीत तो शिपाई घोट्यापर्यंत रुतलेला दिसतो. मावळे तीन इंची, त्यांना बावीसपट धरा. म्हणून मुरूम आधी चहाच्या गाळणीने चाळायचा. गाळणीतून पडलेला जमिनीसाठी, वर राहिलेला दगडांसाठी. तव्यावर भाजून घेतला की किडा-मुंगी राहत नाही. (जुना तवा घ्या. मी चालू तवा घेतला आणि दोन दिवस भाकरीला मातीचा वास होता.) आणि चिकटवून झाल्यावर ती मातीसुद्धा रंगवायची. खरी माती ओल्या गोंदाने काळवंडते, तिला पुन्हा गेरू आणि ऑकर देऊन मातीच्या रंगावर आणावं लागतं. गेरू किराणा दुकानात मिळतो.

आपला दगड काळा, बेसाल्टचा. रंगवताना नुसता काळा दिला तर तो टायरचा तुकडा दिसतो. काळ्यात चमचाभर निळा घालून पहिला हात, मग करडा ड्राय ब्रश, मग फिकट करडा, आणि अगदी शेवटी चुन्यासारखा, फक्त कडांना. पावसानंतर कड्यावर जे फिकट हिरवट-पांढरे डाग पडतात ते जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवून. वाळलेल्या गवताला काथ्या. सुंभ उसवून पाव इंचाच्या जुड्या कापायच्या आणि गोंदाच्या ठिपक्यात उभ्या करायच्या. दिवाळीत इकडे हळव्या भाताची कापणी झालेली असते, तेव्हा माळावरचं गवत असंच सोनेरी असतं, हिरवं नसतं. रानातल्या पाचोळ्यासाठी साग-पळसाची वाळकी पानं मिक्सरमधून काढली. झाडांखालच्या काळ्या मातीसाठी चहाचा चोथा, उन्हात कडकडीत वाळवून.

कडेच्या रंगाचं काय करायचं? भाच्याने काळा-तपकिरी सांगितला होता, पण मी कड रंगवली नाही. कागदाच्या पट्ट्या केल्या, गेरूच्या आणि चुन्याच्या, चकतीभोवती रबरबँडसारख्या बसतील अशा. गेरूवाले आत, चुनावाले बाहेर. काढता-घालता याव्यात म्हणून पट्ट्या, कारण किल्ला माहुलीचा करायचं ठरलं होतं.

माहुली आमच्या तालुक्याचा किल्ला. आसनगाव स्टेशनवर उतरलं की समोर पसरलेला दिसतो. पळसगड, माहुली, भंडारगड असे तीन जोडून, आणि बाजूला सुळके. पोरांना मी त्याची लढाई सांगितली, पण कुठली सांगू हाच प्रश्न होता. १६३६ मध्ये आत होते शहाजीराजे, निजामशाहीच्या लहान सुलतानाला गादीवर बसवून त्याच्या वतीने लढणारे. बाहेर वेढा घालून मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान. पुढे १६७० मध्ये बाहेर मराठे, आणि आत मोगलांचा किल्लेदार. त्याचं नाव मनोहरदास गौड, रजपूत. फेब्रुवारीत त्याने हल्ला परतवला. तो गेल्यावर, जूनमध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी किल्ला घेतला. आता यात हिरवे कोण, सांगा. पोरांना हे सांगताना मी आवाज चढवला नाही. ती ऐकत होती आणि मधेच विचारत होती की तोफ कुठे लावायची.

सकाळी १६३६ खेळायचे, संध्याकाळी पट्ट्या बदलून १६७०. बुरूज, तोफ, फौज, किल्लेदार, निशाण, शिपाई. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते, निम्म्या मराठीच्या, निम्म्या उर्दूच्या, आणि अंगणात दोन्ही वह्यांतले शब्द ओरडले जात होते. शेजारचा मुलगा एकदा रणदुल्लाखान झाला तो दुपारभर दुसरं काही व्हायलाच तयार नव्हता, कारण रणदुल्लाखान जिंकतो. माझा पोरगा आत शहाजीराजे होऊन वैतागला होता. शेवटी "अम्मी, याला सांग ना!" इथवर आलं. मी पडले नाही मध्ये.

कौतुकच झालं असं नाही. एका नातेवाइकांनी पुतळ्यांवरून मला दोन शब्द सुनावले. आळीतले एक गृहस्थ चोवीसही मावळ्यांकडे बघून म्हणाले, "शत्रू कळत नाही हो यात." मी त्यांना पट्ट्या दाखवल्या. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "दगड मात्र अस्सल आहेत." एवढं मला पुष्कळ झालं. दोघांनाही चहा दिला.

अम्मी पहिले दोन दिवस तिकडे फिरकली नाही. नरक चतुर्दशीच्या सकाळी मी बाहेर आले तर ती किल्ल्यापाशी उकिडवी बसली होती. मावळ्यांकडे पाठ करून, उतारावर बोटाने रेघा पाडून हळीव पेरत होती. "तुझा डोंगर बोडका आहे," एवढंच म्हणाली. पाणी तिनेच घातलं, हातात घेऊन शिंपडत, माती वाहून जाऊ नये असं.

हळीव फार लवकर उगवतं. पाडव्याला हिरवी लव आली होती, आणि पुढच्या चार दिवसांत ती इतकी वाढली की मावळे गळ्यापर्यंत बुडाले, बोबडा तर दिसेनासाच झाला. खेळ थांबवून पोरांनी कात्रीने गवत कापलं. काही चकत्यांचा पुठ्ठा ओलीने फुगला आणि कडेच्या पट्ट्यांचा रंग एकमेकांत गेला. पुढच्या वर्षी चकत्या लाकडाच्या करायच्या, सुताराकडून कापून आणून. आणि घोडे राहिलेत. घोड्याचा पांढरा माणसाच्या कपड्याच्या पांढऱ्यासारखा करून चालत नाही, नाकपुडीपाशी आणि सांध्यांत तो निळसर करडा लागतो, असं भाचा म्हणतो. एका घोड्यावर करून बघितलं आहे. अजून जमलेलं नाही.